केडगाव ते गाहिनी: पापकबुलीच्या वाटेवरचं एक शतक

३० जून १९०५. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संध्याकाळच्या प्रार्थनेला पंडिता रमाबाई मुलींना योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय शिकवत होत्या. या अध्यायाच्या सुरुवातीला एका बाईला दगडमार करायला पुरुष जमलेले असतात. येशू एकच गोष्ट बोलतो आणि एकेक जण, वडीलधाऱ्यांपासून सुरुवात होऊन, तिथून काढता पाय घेतो. केडगावात त्या संध्याकाळी धडा पुरा झालाच नाही. मुली मोठ्यानं रडू लागल्या, प्रार्थना करू लागल्या, आपापली पापं बोलून दाखवू लागल्या. रमाबाईंना शिकवणं थांबवावं लागलं. पुढे कित्येक दिवस शाळेचे नेहमीचे वर्ग भरले नाहीत.

आदल्या दिवशी, २९ जूनच्या पहाटे साडेतीनच्या सुमारास, एका मुलीच्या अंगावर आग उतरल्याचं दुसरीनं पाहिलं आणि ती पाण्याची बादली आणायला धावली, अशी हकीकत मिनी अब्राम्स या अमेरिकन मिशनरी बाईंनी लिहून ठेवली आहे. मराठी मंडळ्यांत मुक्तीच्या संजीवनाची, म्हणजे या आध्यात्मिक जागृतीची, आठवण निघते तेव्हा हीच बादलीची गोष्ट सांगितली जाते. मी लहानपणापासून ती किती वेळा ऐकली असेल! पण आग आठवण्याच्या नादात कबुली मागे पडली, असं मला फार दिवसांपासून वाटतं. त्या जूनमध्ये मुलींनी सर्वांत जास्त वेळ जे केलं ते आगीचं दर्शन नव्हे, आपली खरी अवस्था देवापुढे आणि एकमेकींपुढे सांगणं होतं. विसाव्या शतकात जगाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत ही गोष्ट पुन्हा पुन्हा घडली. तिचा माग काढत गेलं तर पुष्कळ आनंद हाती लागतो आणि एका जागी मन थरकापतं.

केडगावची तयारी जानेवारीपासून चालू होती. १९०४च्या अखेरीस वेल्समधल्या जागृतीची बातमी रमाबाईंपर्यंत पोहोचली. तिथे इव्हन रॉबर्ट्स नावाचा पूर्वी कोळशाच्या खाणीत काम केलेला तरुण आपल्या लोकांना चार गोष्टी करायला सांगत होता, आणि त्यांतली पहिली होती माहीत असलेलं प्रत्येक पाप कबूल करणं. १९०५च्या मार्चमध्ये वेल्श मिशनच्या खासी टेकड्यांतल्या मंडळ्यांत तेच सुरू झालं. रमाबाईंनी मुक्तीत रोज प्रार्थनेला जमण्याचं आवाहन केलं तेव्हा सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली होती.

या मुली कोण होत्या हे विसरून चालणार नाही. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या, १९००च्या दुष्काळात गुजरातेतून आलेल्या, बालविधवा, टाकून दिलेल्या, रस्त्यावरून उचललेल्या. त्यांच्याविरुद्ध इतरांनी केलेल्या पापांची यादी त्यांच्या स्वतःच्या पापांच्या यादीपेक्षा कितीतरी लांब होती. मग रडून कबुली द्यायची ती त्यांनीच का? ज्यांनी त्यांना घराबाहेर काढलं, ज्यांनी दुष्काळात त्यांची विक्री केली, ते तर आपापल्या ओसरीवर निवांत बसले होते. हा प्रश्न मला बराच काळ टोचत राहिला, आणि आजही मी तो सोडून दिलेला नाही. पण रमाबाईंच्या बाजूनंही पाहायला हवं. अनाथ मुलीकडे सगळे दयेनं बघतात. तिला अन्न द्यायचं, कपडा द्यायचा, शिकवायचं, लग्न लावून द्यायचं. तिच्या हातून काही चुकलं तर "बिचारी" म्हणून सोडून द्यायचं. देवापुढे उभं राहून "हे मी केलं, याचा जाब माझा" असं म्हणणारी मुलगी मात्र बिचारी राहत नाही. तिचा स्वतःचा हिशेब असतो आणि तो मिटवायला खुद्द प्रभू तिच्याशी बोलतो. त्या जूननंतर याच मुलींचे जथे खेडोपाडी साक्ष द्यायला जाऊ लागले. भीक मागत आलेल्यांना आता देण्यासारखं काही सापडलं होतं.

रमाबाईंनी मुलींकडून जे मागितलं ते आधी स्वतः भोगलं होतं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. नंतरच्या काळात त्यांनी तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांना लिहिलेली पत्रं आज छापील मिळतात. त्रैक्य, ख्रिस्ताचं देवत्व, मंडळीचा अधिकार यांविषयी मनाला न पटलेली एकही गोष्ट पटल्याचं त्यांनी भासवलं नाही. आश्रय देणाऱ्या माणसांशी असं वागणं सोपं नव्हतं. पुढे विल्यम हॅस्लम या कॉर्नवॉलमधल्या पाळकांचं आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आलं. इतरांना उपदेश करता करता हॅस्लमना व्यासपीठावरच उमगलं होतं की आपण जे सांगतो ते आपल्यालाच लाभलेलं नाही. रमाबाईंनी पुस्तक मिटून स्वतःला तोच प्रश्न विचारला. १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्या मोकळेपणानं सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळलं, आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला पण ख्रिस्त काही गवसला नव्हता. त्या वेळी त्या विधवांसाठीच्या शारदा सदनच्या संस्थापक होत्या, भारतात आणि अमेरिकेत त्यांचं नाव झालं होतं. अशा उंचीवर पोहोचलेल्या बाईनं हे लिहून छापावं, याला मी त्यांच्या संस्कृत पांडित्यापेक्षा मोठी गोष्ट मानतो.

नव्या करारातलं योहानाचं पहिलं पत्र नेमकं याच गोष्टीविषयी आहे. देव प्रकाश आहे, त्याच्यात अंधार मुळीच नाही, अशी त्याची सुरुवात होते. मग वाचणाऱ्याला वाटतं, आता हा सांगणार की प्रकाशात चाललात तर देवाशी सहभागिता मिळेल. पण योहान तिथे वळण घेतो. प्रकाशात चालणाऱ्यांची सहभागिता एकमेकांशी होते, असं तो लिहितो, आणि लगेच येशूच्या रक्तानं होणाऱ्या शुद्धीकडे जातो. मग दोन बाजूंनी इशारा देतो: आपल्यात पाप नाही म्हणाल तर स्वतःलाच फसवाल, पाप कबूल कराल तर क्षमा करणारा विश्वासू आहे. प्रकाशात चालणं म्हणजे निष्पाप असणं नव्हे, हे या क्रमावरून स्पष्ट होतं. निष्पाप माणसाला रक्तानं शुद्ध होण्याची गरज कसली? प्रकाशात चालणं म्हणजे लपवाछपवी सोडणं. आणि लपवणं सोडलेली दोन माणसं एकमेकांसमोर आली की त्यांच्यात जे जुळतं त्याला योहान सहभागिता म्हणतो.

केडगावावर टीकाही झाली. शेकडो मुलींनी एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करावी हे काही मिशनऱ्यांना गोंधळाचं आणि उन्मादाचं लक्षण वाटलं. रमाबाईंनी 'मुक्ती प्रेयर बेल' या आपल्या नियतकालिकातून उत्तर दिलं. भारतीय माणसांनी देवापुढे आपल्या रीतीनं रडावं, आपल्या रीतीनं हसावं, त्यांना पाश्चात्त्य शिस्तीत कोंबू नये असं त्यांचं म्हणणं होतं. पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याची खरी खूण म्हणून मात्र त्यांनी प्रीतीवरच बोट ठेवलं. मुक्तीचा पडसाद फार दूरवर गेला. अब्राम्सबाईंनी १९०६ साली लिहिलेलं पुस्तक चिलीत वालपराइसोला हूव्हर या मिशनरी दांपत्याच्या हाती पडलं. मिसेस हूव्हर आणि अब्राम्स शिकागोतल्या मैत्रिणी. १९०९ साली वालपराइसोत जी जागृती झाली तिच्यातून चिलीची पेंटेकॉस्टल मंडळी उभी राहिली. आज तिथल्या लाखो लोकांच्या उपासनेच्या मुळाशी केडगावच्या मुलींचं रडणं आहे, आणि हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

कोरियात कबुलीला वेगळी धार आली. तिथे सुरुवात एका मिशनऱ्यापासून झाली. रॉबर्ट हार्डी हे कॅनडाचे वैद्यकीय मिशनरी. १९०३ साली वोनसानला कोरियन मंडळीसमोर उभं राहून त्यांनी आपला गर्व, मनाचा कठीणपणा आणि कामातलं अपयश कबूल केलं. कोरियन लोकांनी एखाद्या गोऱ्या मिशनऱ्याला असं बोलताना क्वचितच ऐकलं असेल. मग जानेवारी १९०७ मध्ये प्याँगयांगच्या जांगदेह्योन मंडळीत बायबल-वर्गासाठी पुरुष जमले असताना तेच लोण पसरलं. गिल सन-जू हे तिथले मान्यवर वडील. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की मरणाच्या दारातल्या एका मित्रानं आपली मालमत्ता सांभाळायला सोपवली होती, तिच्यातले पैसे मी ठेवून घेतले, आणि ते त्याच्या विधवेला परत करणार आहे. कबुलीला पैशाची बाजू जोडली गेली की तिच्यात खोट उरत नाही. त्या बाईला मिळालेली नाणी कोणत्याही आध्यात्मिक चर्चेपेक्षा खणखणीत होती.

आता गाहिनी. पूर्व रवांडात मुहाझी तलावाजवळच्या टेकडीवरचं हे ठिकाण. इथे चर्च मिशनरी सोसायटीच्या रवांडा शाखेचं इस्पितळ होतं. केडगावसारखीच इथेही जागृतीच्या आधी उपासमार होती. १९२८-२९च्या भयंकर दुष्काळात डॉ. जो चर्च हे तरुण इंग्रज डॉक्टर इथे काम करत होते आणि पार थकून गेले होते. सप्टेंबर १९२९ मध्ये ते कंपालाला गेले असता त्यांना सिमेओनी न्सिबांबी हे युगांडातले ख्रिस्ती गृहस्थ भेटले. दोघांनी मिळून पवित्र शास्त्र वाचलं, प्रार्थना केली. गोरा डॉक्टर आणि काळा सरकारी नोकर एका पातळीवर गुडघे टेकून बसले, हे त्या वसाहतीच्या दिवसांत सहज घडणारं नव्हतं.

गाहिनीच्या इस्पितळात मात्र कटकटी चालूच होत्या. योसिया किनुका हे तिथले मुख्य सहायक आणि डॉक्टर चर्च यांचं पटत नव्हतं. कंटाळून किनुका न्सिबांबींना भेटायला गेले. इस्पितळाच्या तक्रारी ऐकवल्यावर न्सिबांबींनी त्यांना सांगितलं की मूळ दोष तुमच्याच अंतःकरणात आहे. परतीच्या प्रवासात लॉरीतच किनुकांचं मन वळलं. गाहिनीला आल्यावर त्यांनी कबुली दिली. पुढच्या काळात डॉक्टर चर्च आणि इतर मिशनरीही आफ्रिकन सहकाऱ्यांपुढे चुका मान्य करून क्षमा मागायला शिकले. डिसेंबर १९३३ मध्ये, नाताळ झाल्यावर, गाहिनीला परिषद भरली. प्रार्थना चालू असताना एक जण उठून आपलं पाप सांगू लागला, मग दुसरा, मग तिसरा. हे सुमारे अडीच तास थांबलं नाही.

तिथून ही जागृती रवांडा, बुरुंडी, युगांडा, केनिया, टांगानिका असा सगळा पूर्व आफ्रिका व्यापत गेली. तिच्यातल्या लोकांना 'बालोकोले', म्हणजे तारण पावलेले, असं नाव पडलं. आठवड्याला जमायचं, योहानाच्या पत्राप्रमाणे प्रकाशात चालायचं, म्हणजे या आठवड्यात मनात काय झालं ते सरळ सांगायचं, आणि ऐकणाऱ्यांनी लुगांडा भाषेत 'तुकुतेंदेरेझा' हे येशूच्या स्तुतीचं गीत गायचं. ही साधीच पद्धत होती. लोक चोरलेली घोंगडी, अवजारं, इस्पितळातल्या वस्तू परत आणून देत. नवरा बायकोपुढे कबुली देई. मला या सगळ्यात सर्वांत भावतं ते त्या गीताचं स्थान. कबुली ऐकल्यावर मंडळी न्याय करत बसत नसे, सल्ले देत नसे, गात असे. माणसानं अंतःकरण उघडलं आणि समोरच्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसला, हे ज्यानं एकदा अनुभवलं तो पुन्हा लपवायला का जाईल?

१९४७ साली इंग्लंडमध्ये रॉय हेशन यांनी जो चर्च आणि त्यांच्या सोबत्यांना एका परिषदेत बोलावलं. यजमान हेशन स्वतःच तिथे बदलले. १९५० मध्ये निघालेलं त्यांचं 'द कॅल्व्हरी रोड' हे छोटं पुस्तक पुढे अनेक भाषांत गेलं. १९५०च्या दशकात केनियात माउ माउ बंड पेटलं तेव्हा जागृतीतल्या किकुयू ख्रिस्ती लोकांनी बंडखोरांची शपथ घ्यायला नकार दिला आणि सरकारनं देऊ केलेल्या बंदुकाही घेतल्या नाहीत. त्यांतल्या कित्येकांना ठार मारलं गेलं. युगांडाचे आर्चबिशप जनानी लुवुम याच प्रवाहातले. इदी अमीनच्या राजवटीला निषेधाचं पत्र पाठवल्यावर १६ फेब्रुवारी १९७७ रोजी त्यांची हत्या झाली. त्यांचे सहकारी बिशप फेस्तो किवेंगेरे यांना देश सोडून पळावं लागलं आणि त्याच वर्षी त्यांनी पुस्तक लिहिलं ते अमीनवर प्रीती करण्याविषयी. मनातला द्वेष रोज उघड करण्याची सवय नसती तर ते पुस्तक लिहिणं त्यांना शक्य झालं नसतं असं मला वाटतं.

या वाटेवर काटेही होते. कबुली ही देणगी न राहता अट बनली की तिचा जाच होतो. काही ठिकाणी कबुली न देणाऱ्याकडे संशयानं पाहिलं जाऊ लागलं. दुसऱ्यांची नावं गोवलेल्या गोष्टी चारचौघांत बोलल्यानं घरं दुखावली. याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगितलं आहे, पण गावभर दवंडी पिटायला सांगितलेलं नाही. ज्याचं देणं लागतो त्याच्याजवळ जावं, आणि ते ओझं एकट्यानं पेलत नसेल तर विश्वासू बंधूच्या कानी घालावं, एवढं पुरेसं आहे. हे शहाणपण त्या मंडळ्यांना ठेचा खात मिळालं.

पण खरा धक्का दुसरीकडे आहे. गाहिनीला लोक अडीच तास कबुली देत होते त्याच सुमारास, १९३३-३४ मध्ये, बेल्जियन सरकार रवांडात खानेसुमारी करून प्रत्येक माणसाच्या ओळखपत्रावर हुतू, तुत्सी किंवा त्वा असा जमातीचा शिक्का मारत होतं. चोरी कबूल झाली, व्यभिचार कबूल झाला, दारू आणि भांडणं कबूल झाली. हुतू आणि तुत्सी बंधू एकत्र गात होते, एकमेकांना मिठी मारत होते, हेही खरं. तरी या शिक्क्यानं ठरवलेल्या उच्चनीचतेला, शाळांतल्या आणि नोकऱ्यांतल्या पक्षपाताला, मंडळीच्या अधिकारपदांवरच्या चढाओढीला पाप म्हणून नाव देणारे फार थोडे निघाले. घरातल्या सगळ्यांना ज्याची सवय झालेली असते ते पाप कबुलीच्या वेळी कुणालाच आठवत नाही.

एप्रिल १९९४ ते जुलै १९९४. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, त्यांत बहुतेक तुत्सी. देशातले सुमारे नव्वद टक्के लोक बाप्तिस्मा झालेले होते. न्तारामा आणि न्यामाता इथे आश्रयाला आलेल्यांची कत्तल देवळांच्या आत झाली. निरनिराळ्या पंथांच्या धर्मगुरूंवर आणि पाळकांवर पुढे खटले चालले. शेजाऱ्याला लपवून स्वतःचा जीव गमावलेले ख्रिस्ती लोकही होते, आणि त्यांना विसरणं अन्याय ठरेल. पण जगातली सर्वांत प्रामाणिक म्हणून गाजलेली जागृती ज्या भूमीत जन्मली, तिथेच हे घडलं, याकडे पाठ फिरवून मुक्तीचं किंवा गाहिनीचं गुणगान करणं मला जमत नाही. कबुली खोटी होती असं मी म्हणणार नाही. ती अपुरी होती. प्रत्येकानं आपापल्या घरात दिवा लावला होता, चौक मात्र काळोखात राहिला.

त्यानंतर डिसेंबर १९९६ मध्ये जर्मनीतल्या डेट्मोल्ड गावात रवांडाचे हुतू आणि तुत्सी ख्रिस्ती आणि त्यांच्याबरोबर काही युरोपियन ख्रिस्ती एकत्र आले. हुतूंनी आपल्या लोकांनी केलेल्या वंशसंहाराची कबुली दिली. तुत्सींनी आपल्या बाजूच्या दडपणाची आणि सुडाची कबुली दिली. युरोपियनांनी तुच्छतेची, पुरवलेल्या शस्त्रांची आणि संकटाच्या वेळी सोडून जाण्याची. प्रत्येक गटानं दुसऱ्यांचं पाप न मोजता आपलंच सांगितलं. मी स्वतः खून केला नाही तर माझ्या जमातीच्या वतीनं मी का बोलावं, असा आक्षेप काहींनी घेतला. मला मात्र दानिएल आणि नहेम्या आठवतात. ते दोघेही बंदिवासाला कारण झालेल्या पिढीतले नव्हते, तरी प्रार्थनेत "आम्ही" म्हणाले. २०१६च्या नोव्हेंबरमध्ये रवांडाच्या कॅथलिक बिशपांनी मंडळीतल्या लोकांच्या सहभागाबद्दल क्षमा मागितली आणि पुढच्या मार्चमध्ये पोप फ्रान्सिस यांनीही.

मराठी मंडळीत हा काळोखातला चौक कुठे आहे ते शोधायला फार लांब जावं लागत नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त आपल्या अंगी मुरलेलं सोवळं-ओवळं आणि जातीचा ताठा किती चिवट होता, तो सुटायला किती झगडावं लागलं, हे काहीही न झाकता लिहिलं. पती टिळकांनी येशूला स्वीकारलं तेव्हा आपल्याला झालेला संतापही त्यांनी लपवला नाही. त्यांच्या पुस्तकाला साहित्यात मान मिळाला, पण मंडळीत त्या पुस्तकाचा हा भाग किती जणांनी स्वतःला लावून पाहिला? अहमदनगरच्या, जालन्याच्या, पुण्याच्या मंडळ्यांत आपण महार, मांग, ब्राह्मण सगळे एका ताटात जेवतो, हे अभिमानानं सांगतो आणि ते खोटंही नाही. पण मुलामुलीचं लग्न जुळवायला बसल्यावर "तुम्ही मूळचे कोण?" असं आडवळणानं विचारलं जातं, त्या उत्तरावर बोलणी पुढे सरकतात किंवा थांबतात, आणि विचारणारा त्याच रविवारी सकाळी सगळ्यांबरोबर मोठ्यानं पापकबुली म्हणून प्रभुभोजन घेऊन आलेला असतो.